साहेब गेले

या माझ्या जिभेनं एकदा एक अख्खा साहेब मारला आहे. चांगला उंचापुरा, लालबुंद, न्याहारीला कोंबडी खाणारा साहेब. बंदूक लागली नाही, विष लागलं नाही. एका क्रियापदात काम झालं. हसू नका, राजेहो! आधी सगळं ऐकून घ्या, मग हसा. कारण त्यात माझं लग्न अडकलेलं होतं.

अमेरिकेत भाऊबंदकी पेटली होती, त्या सालांतली ही गोष्ट. ते तिकडं एकमेकांच्या उरावर बसले, त्यांचा कापूस विलायतेला जाईना, आणि इकडं आमच्या वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचे दिवस आले. ज्यानं जन्मात नवा अंगरखा शिवला नव्हता, तो शिंप्याला घरी बोलावू लागला. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. आणि ज्यांना आम्ही आजवर लांबूनच घोड्यावर पाहिलं होतं, ते साहेब लोक अकोल्याच्या कापूसबाजारात गाड्यांत कोपरापर्यंत हात घालून उभे राहू लागले.

आता साहेब आला म्हणजे दुभाषी आला. आणि दुभाषी म्हणजे कोण? अस्मादिक!

माझं गाव चांदूर बाजाराजवळ. बापाची काळी जमीन होती, पण मला नांगरापेक्षा ओटा प्रिय. म्हणून बापानं मला अमरावतीला एका पुण्याकडच्या मास्तरांकडे इंग्रजी शिकायला घातलं. मास्तरांनी इंग्रजीला हात घालण्याआधी माझ्या वऱ्हाडीला हात घातला. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "मास्तर, मी धडा वाचून राहिलो." त्यांनी छडी उचलली. "वाचून कुठं राहिलास? कोणाकडे मुक्काम केलास? 'वाचतो आहे' म्हण." तेव्हापासून माझं 'राहिलो' जे राहिलं ते राहिलंच. म्हणून तर आज मी तुमच्याशी असा पोथीतल्यासारखा बोलतो. घाबरलो की मात्र आतली वऱ्हाडी उसळून बाहेर येते. ते पुढं दिसेलच.

इंग्रजी व्याकरण मला चढलं. अगदी मोहाच्या दारूसारखं चढलं म्हणा ना. मास्तर सांगत, इंग्रजी वाक्याला कर्त्यावाचून उभंच राहता येत नाही. आपल्याकडे पाऊस येतो. तिकडं 'इट रेन्स', म्हणजे 'ते' पावसतं. ते म्हणजे कोण, हे मास्तरांनाही ठाऊक नव्हतं, पण ते पाहिजेच. सुट्टीत घरी गेल्यावर मी मायला हे समजावून सांगितलं. भाकर थापता थापता तिनं विचारलं, "अन् थे कोन होय?" मी म्हणालो, कोणी नाही, पण वाक्यात बसवावं लागतं.

"म्हंजे तुह्या काकासारखं," माय म्हणाली. "करत काईच नाई, पन पंगतीत बसवा लागते."

खरं सांगतो, त्या 'इट'चा याहून चांगला अर्थ मला पुढं कोणी सांगितला नाही. पण तेव्हा मला तिच्या अडाणीपणाची कीव आली. जेवण झाल्यावर मी इंग्रजी रीतीनं तिला म्हणालो, "मी तुझा आभारी आहे." तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं, माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि रात्री मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली.

अशी आमची विद्या. तीत मला सर्वांत जास्त पटल्या होत्या त्या दोन गोष्टी. एक, विचारलं तेवढंच उत्तर द्यावं, पाल्हाळ लावू नये. दुसरी, क्रियापद खरं असावं. आपल्यात कसं आहे पहा. माणूस पाहुणचार घेऊन दारातून निघतो आणि म्हणतो, 'येतो.' अरे, तू जातो आहेस ना? मग येतो काय म्हणतोस? इंग्रज बघा, जाताना सरळ 'आय ऍम गोइंग' म्हणतो, आणि गेला की 'गॉन'. मला वाटायचं, आपला मुलूख मागं पडला तो या एका 'येतो'पायी.

तर अकोल्यात माझा कापूससाहेब. बाजारात त्याला याच नावानं ओळखत. मुंबईच्या कुठल्याशा पेढीसाठी तो कापूस घ्यायचा. बाजाराशेजारीच त्याचं आवार होतं, त्यातच बंगला. माझी मिजास विचारू नका. साहेबानं मला एक मुंबईची काळी छत्री बक्षीस दिली होती. ती मी हिवाळ्यातही हातात धरून हिंडे. आभाळ निरभ्र, माणसं शेकोटीला बसलेली, आणि मी छत्री उघडून बाजारातून चाललेला. लोक बाजूला सरकत. मला वाटे, मान देतात.

अशा या उमेदवाराला माझ्या दौलतमामानं एक स्थळ आणलं. मामा अंजनगाव सुर्जीचा, सोयरिकी जुळवण्यात पटाईत. स्थळ होतं पातूरकडच्या नथ्थूजी पाटलांचं. मोठं घर, मोठी शेती, आणि एकुलती मुलगी. मामानं त्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगा साहेबाशी साहेबाच्या बोलीत बोलतो. पाटील म्हणाले, मग पाहू बोलताना. तसाही त्यांचा कापूस आमच्याच साहेबाला जायचा होता. आदल्या साली साहेबानं सौदा करताना त्यांच्याशी हात मिळवला होता. तेव्हापासून पाटील गावात तो उजवा हात जरा वेगळाच धरून चालत. सौद्याला सौदा होईल, जावयाला जावई पाहून होईल, असा बेत. खोटं कशाला बोलू? त्या घरची मुलगी मिळावी म्हणून मी काळ्या मारुतीला नारळ बोललो होतो.

आणि पाटील यायचे त्याच दिवशी पहाटे साहेबानं मला उठवलं. तो चोरून अमरावतीला निघाला होता. तिथल्या बाजारात त्याला मोठी खरेदी करायची होती, आणि अकोल्यातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकांना वास लागला असता तर ते त्याच्या आधी तिथं पोचले असते. म्हणून कुठं गेलो, कशाला गेलो, चकार शब्द काढायचा नाही, अशी त्यानं मला ताकीद दिली. कोणी विचारलंच तर? साहेब रिकिबीत पाय टाकता टाकता म्हणाला, "से आय ऍम गॉन. नथिंग मोअर."

म्हणजे, सांग की मी गेलो. बस्स. एवढंच.

साहेब घोड्यावर, घोडा सांभाळणारा मोतद्दार मागच्या तट्टावर, खानसामा भांड्याकुंड्यांसकट छकड्यात. गेले तिघंही. आवारात उरलो मी आणि माझी छत्री.

उन्हं वर आली तसे पाटील आले. मागं कापसाच्या गाड्या, बरोबर दौलतमामा. पाटील म्हणजे भरदार मिशा, पांढरं पागोटं, आवाज खर्जातला. मी पुढं होऊन रामराम केला. मामानं मला डोळ्यानंच खुणावलं, की आता बोल काही चांगलं.

"रामराम किसनराव," पाटील म्हणाले. "सायेब कुठी हायेत?"

आता इथं कोणताही शहाणा माणूस काय म्हणाला असता? 'साहेब गावाला गेले, येतीन पाचसहा दिवसांनी.' माझी माय काय म्हणाली असती? 'बाहीर जाऊन राहिले म्हनत होते बापा.' पण मी व्याकरण शिकलेलो! साहेबाचा हुकूम, शब्दाला शब्द. मी छत्री मिटली, चेहरा दुभाष्याला शोभेल असा गंभीर केला आणि म्हणालो,

"साहेब गेले."

पाटलांचा चेहरा एकदम उतरला. "गेले?"

"गेले."

"कवा?"

"आज पहाटे."

पाटलांनी पागोटं काढून हातात घेतलं. मला वाटलं, उकडत असेल. पौषात कोणाला उकडतं, हा विचार तेव्हा कुठला सुचायला? ते हळू आवाजात म्हणाले, "अन् कशानं गेले?"

विचारलं तेवढंच उत्तर. मी म्हणालो, "घोड्यानं."

मामानं तोंडाला हात लावला. पाटलांनी मान हलवली. "जनावराचा काई भरोसा नाई. कोनी जोळ नोतं काय? थो खानसामा?"

"खानसामाही गेला. मोतद्दारही गेला."

"तिघंबी?"

"एकदमच. खानसामा छकड्यानं."

आता पाटलांच्या डोळ्यांपुढं काय चित्र उभं राहिलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. घोडा उधळला, छकड्यावर आदळला, सगळा चेंदामेंदा! मी आपला त्यांच्याकडे कौतुकानं बघतो आहे, की किती आस्थेनं चौकशी करतात हा माणूस. त्यांनी विचारलं, "मडमेले कयवलं का?"

"मडम कुठल्या? त्या तर पावसाळ्याआधीच गेल्या. बोटीनं."

"समिंदरात?"

"समुद्रातूनच जावं लागतं ना."

पाटील मटकन ओट्यावर बसले. एका हंगामात सगळं घर गेलं! मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्यावर त आभायच कोसयलं."

"काय करणार," मी म्हणालो. "आता सगळं मलाच पाहायचं आहे."

"फार तरास झाला का त्याहिले, जातानी?"

"छे छे. चांगली कोंबडी खाल्ली, चिरूट ओढला, आणि हसत हसत गेले."

यावर पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, या मोठ्या घरातली माणसं फारच हळवी दिसतात. आपलं बरं होणार इथं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात पाहतो तर शुकशुकाट. गाड्या सुटलेल्या, बैल रवंथ करताहेत, दुकानांच्या फळ्या लागलेल्या. मी पानवाल्याला विचारलं, आज काय आहे? तो म्हणाला, "काय राजेहो, तुमाले ठाऊक नाई?" आता साहेबाच्या दुभाष्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही, असं कसं चालेल? मी म्हणालो, "अरे हो हो, ते होय! ठाऊक आहे." आणि छत्री उघडून पुढं गेलो. त्या एका 'ठाऊक आहे'च्या जागी 'काय ते' विचारलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण शिकलेल्या माणसाला विचारायची लाज फार.

दुसरीकडे काय चाललं होतं ते मला मागाहून कळलं. मोठं गिऱ्हाईक मेलं म्हटल्यावर बाकीच्या पेढ्यांच्या दलालांनी त्याच सकाळी भाव पाडला. मिळेल त्या भावात कापूस घालून मोकळे व्हा, नाहीतर हाही भाव राहणार नाही, असं ते गाडीवानांना सांगत फिरत होते. पाटलांकडेही आले. पाटलांनी त्यांना हाकलून दिलं. ज्यानं हात मिळवला तो माणूस गेला असेल, पण हात माझाच आहे, असं काहीसं ते म्हणाले म्हणे. त्याचं सुतक फिटेपर्यंत गाडीचा दोर सुटणार नाही.

असा माणूस, राजेहो! आणि असल्या माणसाला मी काय ऐकवून बसलो होतो.

दुपारी पाटील, मामा आणि बाजारातली बरीच मंडळी बंगल्यावर आली. बरोबर टोपलीत चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, वर मिरचीचा ठेचा. तुम्हाला माहीतच आहे, ज्या घरात कोणी जातं त्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजार चून-भाकर घेऊन येतो आणि घरच्यांना बळंच दोन घास खाऊ घालतो. पण त्या घरात कोणी गेलं आहे, हे मला काय ठाऊक? मला वाटलं, जावयाचा मान! सोयरीक जुळली! मी मांडी ठोकून बसलो आणि जेवलो. दोन घास नाही, पोट भरून जेवलो. सगळे माझ्याभोवती मुक्यानं बसलेले, आणि मी कांदा फोडून मागतो आहे. शेवटी मी समाधानानं म्हणालो, "फार आनंद झाला."

पाटलांचा चेहरा फारच पडलेला दिसला, तेव्हा मला त्यांची दया आली. वाटलं, कापसाची काळजी करत असतील. कुठं गेले हे सांगायला बंदी होती, पण येणार हे सांगायला कुठं बंदी होती? मी त्यांच्याजवळ सरकून हलकेच म्हणालो, "पाटील, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. साहेब येतील परत."

"परत?"

"हो. नेहमीच येतात. मागच्या महिन्यातही गेले होते. आठवड्यानं आले."

ओट्यावरची दोन म्हातारी माणसं उठून फाटकाच्या बाहेर जाऊन बसली. पाटील मामाला खांबाआड नेऊन म्हणाले, आणि ते मला स्पष्ट ऐकू आलं, "दौलतराव, पोट्टा चांगला हाये, पन त्याच्या मनावर घाव झाला. सोयरिकीचं सध्या राहू द्या."

का? काय चुकलं माझं? रात्रभर मी तळमळत विचार केला आणि शेवटी एकच कारण सापडलं. मी भाकरी फार खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी मंडळी पुन्हा आली. तिसरा दिवस ना! बंगल्याच्या ओट्यावर घोंगड्या अंथरल्या होत्या. कोणीतरी साहेबाच्या खुर्चीवर झेंडूचा हार घातला होता. तो पाहून मला थोडी शंका यायला पाहिजे होती. पण मला वाटलं, साहेबाविषयी लोकांना केवढी ही माया. मी ठरवलं होतं की आज काहीही झालं तरी एका भाकरीवर उठायचं. म्हणजे पाटलांना कळेल की पोरगा खादाड नाही.

एवढ्यात रस्त्यावर धूळ दिसली. धुळीत घोडा. घोड्यावर आमचा साहेब, टोपी मागं सरलेली, तोंड रागानं नेहमीपेक्षा लाल. पाचसहा दिवसांनी येणारा माणूस तिसऱ्याच दिवशी समोर! मी असा दचकलो की मास्तरांची सगळी छडी एका क्षणात विसरलो. अंगणात उभा राहून ओरडलो,

"अरे सायेब येऊन राहिले! सायेब येऊन राहिले!"

मग काय सांगू! ओटा रिकामा. कोण भिंतीवरून गेलं, कोण गाडीखाली शिरलं. दलालांचा एक माणूस घोंगडीसकट पळाला. माझा सख्खा मामा, ज्यानं मला अंगाखांद्यावर खेळवलं, तो मला मधे ढकलून माझ्या मागं लपला. जागचे हलले नाहीत ते एकटे नथ्थूजी पाटील. त्यांनी उजवा हात छातीशी घट्ट धरला होता.

साहेब घोड्यावरून उतरला. हार घातलेली खुर्ची त्यानं बघितली. मग आम्हाला बघितलं. पाटील त्याच्यावरची नजर न काढता मला म्हणाले, "किसनराव, विचारा यायले. हे हायेत का नाईत?"

सगळा जन्म ज्या प्रसंगासाठी मी व्याकरण घोकलं होतं, तो हा! पाटलांसमोर साहेबाशी बोलायचं! मी घसा साफ केला. "सर, पाटील विचारतात, आर यू, ऑर आर यू नॉट?"

साहेब गरजला, "ऑफ कोर्स आय ऍम!"

मी पाटलांकडे वळून शब्दाला शब्द तर्जुमा केला. "साहेब म्हणतात, आहे."

पाटील पुढं झाले आणि त्यांनी साहेबाचा हात हातात घेऊन दाबून पाहिला. गरम लागला असावा, कारण ते एकदम हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. साहेबाला काय ते कळेना. तो मला विचारू लागला, मी मामाला, मामा पाटलांना. असं करत करत सगळं उलगडलं. झालं होतं असं की साहेब मूर्तिजापूरला मुक्कामाला थांबला होता. तिथं एका व्यापाऱ्यानं त्याला बातमी दिली की अकोल्याचा कापूससाहेब घोड्याखाली सापडून मेला, आणि वर विचारलं, की त्याच्या जागी आलेले नवे साहेब आपणच का? अमरावतीची खरेदी तशीच टाकून साहेब उलटा फिरला, आपल्याला कोणी मारलं ते बघायला.

"मी तुला काय सांगायला सांगितलं होतं?" साहेबानं इंग्रजीत विचारलं.

"गॉन, सर."

"मग?"

"मी तेच सांगितलं, सर. पण आमच्याकडे गेला म्हणजे मेला."

साहेब कपाळावर हात मारून म्हणाला, मग नुसता बाहेरगावी जाणारा माणूस काय सांगून जातो?

"तो 'येतो' म्हणतो, सर."

साहेब त्या हार घातलेल्या खुर्चीतच बसला. मग म्हणाला, जाणारा येतो म्हणतो आणि गेलेला मेलेला असतो, तर तुमच्या मुलखात माणूस जातो तरी कसा? पाटलांना मी हे मराठीत सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "सांगा त्याहिले, आमच्याइथून कोनी जातच नाई. समदे येतेत."

मी ते साहेबाला सांगितलं. तो हसला, आणि माझी नोकरी वाचली. पाटलांनी कापूस धरून ठेवला होता हे ऐकल्यावर त्यानं उठून पुन्हा त्यांच्याशी हात मिळवला आणि भाव पडण्याआधीच्याच दरानं सगळ्या गाड्या उतरवून घेतल्या.

नोकरी वाचली, पण लग्न? गाड्या रिकाम्या होऊन पाटील निघाले, तरी मी आपला छत्री धरून कोपऱ्यात उभा. शेवटी मामानंच धीर करून विषय काढला. पाटलांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "घाव नाई झाला त मनावर," ते म्हणाले. "जलमाचाच असा हाये. सायेबाची बोली येते त्याले, आपली येत नाई." मग म्हणाले, "एकवार घरी आना. घरचे पाहतीन, मंग ठरवू."

म्हणजे लोक मुलगी पाहायला जातात, आणि इथं मुलगा पाहायला ठेवायचा होता! पातूरपर्यंतच्या वाटेवर मामानं माझ्याकडून घोकून घेतलं. तिथं गेल्यावर काही विचारलं तर लांब उत्तर द्यायचं. आभार मानायचे नाहीत. आणि निघताना, काहीही झालं तरी, काय म्हणायचं? 'येतो.' पुन्हा म्हण. 'येतो.' गाडीच्या प्रत्येक हिसक्याला मी 'येतो' म्हणत होतो. गाडीवानाला वाटलं, मला ओकारी येते आहे. त्यानं दोनदा गाडी थांबवली.

पाटलांच्या घरी सगळं झकास झालं. चुलते, मामे, आत्या, झाडून सगळं घर मला बघून गेलं. पाऊसपाणी विचारलं, मी मृगापासून हस्तापर्यंत सगळी नक्षत्रं सांगितली. मुलीला मी पाहिलं नाही. नुसती दाराआड बांगड्यांची किणकिण ऐकली. जेवलो, आणि एकाच भाकरीवर उठलो. पाटलांनी आग्रह केला, तरी नाही म्हणालो. उन्हं कलली. मामा उठला. मी उठलो. उंबऱ्याशी आलो, हात जोडले, आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणालो,

"येतो!"

पाटलांच्या मिशा हलल्या. पसंतीची मान हलली. मामानं माझ्या पाठीवर थाप मारली. जिंकलो! मी ताठ मानेनं अंगण ओलांडलं, फाटकाबाहेर आलो, आणि गाडीत पाय ठेवणार तोच आठवलं.

छत्री!

आत खुंटीला राहिली होती. मुंबईची छत्री, साहेबाची बक्षिसी! मी धावत मागं फिरलो आणि धापा टाकत पुन्हा त्याच उंबऱ्यात उभा राहिलो. सगळी मंडळी जागच्या जागी होती. माझ्याकडे बघत होती. पाटलांनी पागोटं काढलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले,

"अरे लेका, येतो म्हटलं म्हनून असं लगेच यायचं नसते!"

आणि दाराआडून हसू फुटलं. आधी पदराआड दाबलेलं, मग न दाबता येणारं, बांगड्यांसकट. मग सगळं घर हसायला लागलं. मी छत्री हातात धरून तसाच उभा. पाटील आतल्या हसण्याकडे कान देऊन उभे होते. त्यांची एकुलती लेक बऱ्याच दिवसांनी अशी हसली असावी, कारण मामाकडे वळून ते म्हणाले, "दौलतराव, तिथी पाहा."

तर असं माझं लग्न झालं. साहेब पुढं खरोखरच विलायतेला गेला, म्हणजे आपल्या अर्थानं नव्हे, त्याच्या अर्थानं. तिकडची भाऊबंदकी मिटली, कापसाचा भाव बसला, शिंगांच्या शेंब्या सोनाराकडे परत गेल्या. छत्रीच्या काड्या मोडल्या. माझं इंग्रजीही बरंचसं झडलं. टिकलं ते एकच. घराबाहेर पडताना उंबऱ्यात उभा राहून मी अजून मोठ्यानं 'येतो' म्हणतो. मग आठवतं की पानाची चंची राहिली. ती घेऊन पुन्हा 'येतो' म्हणतो. मग काठी राहते.

आणि इतकी वर्षं झाली, आतून तिचा आवाज येतोच, "अवो, पयले जा त खरं!"